विलेपार्ले

विलेपार्ले (बोलण्यात पार्ले किंवा पार्ला) हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील, पश्चिम रेल्वेवरील सांताक्रूझ आणि अंधेरी या स्थानकांच्या मधले उपनगर आहे. रेल्वेमार्गामुळे त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडतात. पश्चिमेचा भाग जुहूच्या किनाऱ्याकडे पसरला आहे, तर पूर्वेचा भाग पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडून मुंबई विमानतळापर्यंत जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मराठी पांढरपेशा वर्गाला राहण्यासाठी सर्वाधिक हव्याशा वाटलेल्या मुंबईतील मोजक्या वस्त्यांमध्ये दादरच्या शिवाजी पार्क परिसराबरोबर पार्ले पूर्वचे नाव घेतले जाते. ‘पार्ल्यात घर आहे’ एवढ्या तीन शब्दांतून समोरच्या माणसाचे शिक्षण, आवडीनिवडी आणि सुटीच्या दिवसाचा कार्यक्रम यांविषयी अंदाज बांधण्याची सवय मुंबईकर मराठी माणसाला दीर्घकाळ होती.

या ओढीचे कारण पार्ल्याच्या भूगोलात फारसे सापडत नाही. पूर्व भागाला समुद्र नाही, टेकडी नाही, तलाव नाही. रेल्वेचे स्थानक आहे, पण ते धीम्या गाड्यांचे. पार्ल्याला जे आकर्षण लाभले ते तेथील रहिवाशांनी वर्गणी, स्वयंसेवा आणि चिकाटी यांच्या बळावर उभ्या केलेल्या शाळा, वाचनालये आणि सभागृहे यांमुळे. पुढे याच आकर्षणाने जागांचे भाव वाढले आणि ज्या वर्गाने या संस्था उभारल्या त्याच्या पुढच्या पिढीला तेथे राहणे अवघड झाले.

नावाची व्युत्पत्ती

नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एकीनुसार इर्ले आणि पाडले (किंवा पार्ले) या शेजारच्या दोन गावांची नावे जोडून उच्चारली गेली व त्यांचे विलेपार्ले झाले. दुसरीनुसार विर्लेश्वर आणि पार्लेश्वर या देवस्थानांवरून हे नाव आले. इर्ला हे गाव व त्याच नावाचा नाला आजही पश्चिमेस आहे, त्यामुळे पहिली व्युत्पत्ती अधिक सरळ वाटते. पार्लेश्वराचे मंदिर पूर्व भागात असून परिसरातील रहिवाशांचे ते श्रद्धास्थान आहे. लेखनात ‘विले पार्ले’ आणि ‘विलेपार्ले’ ही दोन्ही रूपे आढळतात. सामान्यरूप मात्र ‘पार्ल्या’ असेच होते: पार्ल्यात, पार्ल्याचा, पार्ल्याहून. येथील रहिवासी स्वतःला पार्लेकर म्हणवतात.

इतिहास

विलेपार्ले हे साष्टी बेटावरील एक गाव. साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात ती मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. भातशेती, ताडामाडाची झाडे, आंब्या-फणसांच्या वाड्या आणि कोळी, आगरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांची गावठाणे असे या भागाचे जुने स्वरूप होते. गावठाणांच्या खुणा, विशेषतः पश्चिमेस, अद्याप दिसतात. पांढरपेशांचे पार्ले सर्वांच्या ओळखीचे आहे, पण मूळचे पार्ले त्यांचे नव्हते, ही गोष्ट पार्ल्यावरील कौतुकपर लिखाणातून बहुधा निसटून जाते.

१८६७ मध्ये मुंबईहून विरारपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि साष्टीतील गावे शहराच्या आवाक्यात आली. तरीही वस्ती लगेच वाढली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. गिरगाव, काळबादेवी, मांडवी अशा दाट वस्त्यांमधील माणसे मोकळ्या हवेच्या शोधात बाहेर पडू लागली आणि उपनगरांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने त्याला शिस्त दिली. या कायद्याखालील योजनेत वेड्यावाकड्या शेतजमिनी कागदावर एकत्र केल्या जात, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढल्या जात आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत मिळे. अशा भूखंडाला आजही ‘फायनल प्लॉट’ म्हणतात व पार्ल्यातील जुन्या इमारतींच्या कागदपत्रांत तो शब्द हटकून येतो. पार्ले पूर्वचे एकमेकांना छेदणारे सरळ रस्ते आणि त्यांच्या दुतर्फा असलेली झाडे या आखणीची देणगी आहेत. परांजपे स्कीमच्या रस्त्यांच्या नावांत ‘स्कीम’ हा शब्द त्याच काळाची आठवण म्हणून टिकून आहे.

१९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग त्या वर्षी नव्याने स्थापन झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात गेला. १९२८ मध्ये चर्चगेट बाजूकडून बोरिवलीपर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. कचेरीत काम करणाऱ्या माणसाला पार्ल्यात राहून फोर्टात नोकरी करणे आता खऱ्या अर्थाने शक्य झाले. १९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा विलेपार्ले बृहन्मुंबईत समाविष्ट झाले.

स्वातंत्र्यलढ्यात पार्ल्याचे नाव मुख्यतः १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाशी जोडलेले आहे. सत्याग्रहींची छावणी येथे होती. जमनालाल बजाज हे तिचे प्रमुख होते आणि किशोरलाल मश्रूवाला यांचाही तिच्याशी निकटचा संबंध होता. जुहूचा किनारा जवळ असल्याने समुद्राचे पाणी आणून मीठ तयार करणे सोयीचे होते.

संस्थांची उभारणी

लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यानंतरच्या तीन वर्षांत पार्ल्यात त्यांच्या स्मरणार्थ दोन संस्था निघाल्या आणि या उपनगराचा पुढचा स्वभाव बव्हंशी त्यांनीच घडवला.

पहिली पार्ले टिळक विद्यालय. १९२१ मध्ये सुरू झालेल्या या शाळेमागे कोणी संस्थानिक वा गिरणीमालक नव्हता. आपल्या मुलांना शिकण्यासाठी गाडीने दूर जावे लागू नये, ही रहिवाशांची साधी गरज होती. संस्था पुढे वाढत गेली. १९५९ मध्ये तिने महाविद्यालय काढले. आरंभी पार्ले कॉलेज म्हणून ओळखले जाणारे हे महाविद्यालय आज साठ्ये महाविद्यालय या नावाने परिचित आहे. वाणिज्य शाखेसाठी म. ल. डहाणूकर महाविद्यालय निघाले. बालवर्गापासून पदवीपर्यंतचे शिक्षण घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळणे ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठी बचत होती. घर निवडताना शाळा पाहण्याची प्रवृत्ती आज सर्वत्र दिसते. पार्ल्यात ती शंभर वर्षांपूर्वीपासून आहे.

दुसरी संस्था १९२३ मध्ये स्थापन झालेला लोकमान्य सेवा संघ. त्याच्या वास्तूला पार्लेकर ‘टिळक मंदिर’ म्हणतात. येथे देवाची मूर्ती मुख्य नसून ग्रंथालय, व्याख्याने, गायनाच्या बैठका, महिला व ज्येष्ठ नागरिकांचे उपक्रम आणि गणेशोत्सव यांभोवती सारे फिरते. नामवंत वक्त्याचे व्याख्यान ऐकण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही आणि गाडीही पकडावी लागत नाही. जेवण लवकर उरकून सपाता घालून जावे आणि दहाच्या आत घरी परतावे, हा क्रम पार्ल्यातील अनेक पिढ्यांनी अनुभवला आहे.

या वातावरणात वाढलेले सर्वांत प्रसिद्ध नाव पु. ल. देशपांडे यांचे. त्यांचा जन्म १९१९ मध्ये गावदेवीला झाला. बालपणीचा आरंभीचा काळ जोगेश्वरीत गेल्यावर कुटुंब पार्ल्यात आले आणि पु. ल. पार्ले टिळक विद्यालयात शिकले. लोकमान्य सेवा संघाच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. लेखक, नट, गायक, वादक आणि वक्ता अशा अनेक भूमिका एकाच माणसात एकवटणे हे प्रतिभेचे काम खरे. परंतु शाळकरी वयात गाणे, नाटक आणि भाषण हे तिन्ही ऐकायला मिळण्याची सोय हाकेच्या अंतरावर असणे हेही त्यामागे होतेच.

नंतरच्या काळात महापालिकेचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह पूर्व भागात उभे राहिले आणि व्यावसायिक मराठी रंगभूमीच्या मुंबईतील प्रयोगांच्या जाहिरातीत ‘दीनानाथ, पार्ले’ हे शब्द कायमचे दाखल झाले. पोहणे व खेळ यांसाठी प्रबोधनकार ठाकरे क्रीडासंकुल आणि मैदानी कार्यक्रमांसाठी दुभाषी मैदान अशी ठिकाणे आहेत. गुढीपाडव्याची शोभायात्रा आणि पार्ले महोत्सव हे अलीकडच्या काळातील वार्षिक कार्यक्रम होत.

मुंबई ग्राहक पंचायतीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय ‘ग्राहक भवन’ पार्ले पश्चिमेस कूपर रुग्णालयाच्या मागे आहे. तिची पद्धत अशी: शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याच्या वाणसामानाची यादी आगाऊ देतात, संस्था घाऊक खरेदी करते आणि ठरलेल्या दिवशी एखाद्या सभासदाच्या घरी किंवा इमारतीच्या आवारात माल उतरतो. पुढची मोजदाद व वाटप सभासद स्वतःच करतात. ही संस्था एकट्या पार्ल्याची नाही, मुंबईभर तिचे संघ आहेत. तरीही शेजाऱ्यावर विश्वास ठेवून पैसे आधी भरण्याची ही रीत ज्या प्रकारच्या वस्तीत रुजते, पार्ले हा तिचा उत्तम नमुना आहे.

वस्तीचे स्वरूप

आरंभीची घरे बैठी किंवा एकमजली असत. पुढे व्हरांडा, मागे विहीर, आवारात आंबा, फणस, पारिजातक. मालक तळमजल्यावर आणि वर किंवा मागच्या खोल्यांत दोन-चार भाडेकरू, अशी सर्वसाधारण रचना होती. गिरगावातील चाळींच्या दोन खोल्यांतून आलेल्या कुटुंबाला स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातले न्हाणीघर हीच मोठी चैन वाटे. साठच्या दशकापासून घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा कायदा यांमुळे भाडेकरूचा सभासद झाला. बँक, विमा कंपनी, सरकारी खाती व महाविद्यालये यांत नोकरी करणारा माणूस कचेरीचे कर्ज आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या आधारावर येथे दोन खोल्यांचा ब्लॉक घेऊ शकत असे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्या दशकांत पार्ल्याची सांस्कृतिक ख्याती वाढत होती त्याच दशकांत तेथील घर शिक्षकाच्या वा बँकेतील कारकुनाच्या आटोक्यात होते. ती ख्याती मिळवून देणारे कार्यकर्ते याच वर्गातून आले. संध्याकाळी साडेसहाला घरी पोहोचणारा मनुष्यच सातच्या कार्यकारिणीच्या बैठकीला हजर राहू शकतो.

चालण्याच्या अंतराचे महत्त्व पार्ल्यात विशेष जाणवते. स्थानक, भाजीबाजार, शाळा, वाचनालय, देऊळ आणि डॉक्टरांचा दवाखाना एका छोट्या वर्तुळात येतात. वृद्धांना याचा मोठा आधार वाटतो. मुले परदेशी गेल्यावरही आईवडील पार्ले सोडायला तयार होत नाहीत, अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते, आणि तिच्यात तथ्य आहे. पाहणारा, विचारपूस करणारा कोणी रोज भेटणे हे ऐंशीच्या वयात मोठ्या घरापेक्षा मोलाचे असते.

एका वासाची नोंदही केली पाहिजे. १९२९ मध्ये चौहान कुटुंबाने येथे गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला. १९३९ पासून त्यात बिस्किटे तयार होऊ लागली. गावाचे नाव कंपनीला मिळाले आणि पार्ले-जी या बिस्किटाच्या रूपाने देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. भट्टीतील बिस्किटांचा गोड वास लोकलच्या डब्यात शिरला की स्थानक आल्याचे डोळे मिटूनही कळे. जागेचे मोल वाढलेल्या शहरात उत्पादन परवडेनासे झाले आणि २०१६ मध्ये हा मूळ कारखाना बंद पडला.

पश्चिम भाग

पश्चिमेचे पार्ले वेगळ्या वळणाने वाढले. येथे गुजराती व्यापारी समाजाचे प्राधान्य आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या श्री विलेपार्ले केळवणी मंडळाने मिठीबाई महाविद्यालय, नरसी मोनजी महाविद्यालय, भगुभाई मफतलाल तंत्रनिकेतन अशा संस्था काढल्या आणि त्यामुळे हा भाग विद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो. नानावटी आणि महापालिकेचे कूपर ही दोन मोठी रुग्णालये पश्चिमेसच आहेत. जुहू-विलेपार्ले योजनेतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे बंगले व इमारती चित्रपटसृष्टीतील मंडळींमुळे प्रसिद्धीस आल्या. येथेही रहिवाशांनी शाळा-महाविद्यालये काढली हे पूर्व-पश्चिमेतील साम्य. मात्र पश्चिमेला मोठ्या देणग्यांचे पाठबळ होते. पूर्वेच्या संस्था बहुतांशी लहान रकमांवर चालल्या.

उणिवा आणि बहिष्कृत वस्त्या

पार्ल्याचे कौतुक करताना त्याच्या मर्यादा सांगणे न्याय्य ठरेल. पूर्व भागातील संस्थांचे नेतृत्व दीर्घकाळ मुख्यतः ब्राह्मण व तत्सम पांढरपेशा जातींकडे राहिले. ‘सुसंस्कृत वस्ती’ या विशेषणात जातीचा आणि वर्गाचा एक न उच्चारलेला भाग होता. घर भाड्याने देताना आडनाव विचारण्याची चाल मुंबईत इतरत्र होती तशी येथेही होती. पार्ल्यातील घरकाम, भाजीविक्री, रस्तेसफाई, विमानतळावरील हमाली ही कामे करणारी माणसे पश्चिमेच्या नेहरूनगरसारख्या किंवा विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या झोपडपट्ट्यांमध्ये राहत आली. तीही पार्ल्याचीच रहिवासी, पण ‘पार्लेकर’ म्हणताना सहसा त्यांचा विचार होत नाही.

पावसाळ्यात इर्ला नाल्याच्या आसपासचा सखल भाग पाण्याखाली जातो. २६ जुलै २००५ रोजी शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी या संपूर्ण पट्ट्यात तळमजल्यावरील घरांची अपरिमित हानी झाली. त्यानंतर महापालिकेने इर्ला येथे पाणी उपसून समुद्रात सोडणारे उदंचन केंद्र उभारले.

विमानतळ आणि उंचीची मर्यादा

पार्ल्याच्या पश्चिमेस जुहूचा विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे येथेच उतरले. पूर्वेस सांताक्रूझचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वाहतुकीसाठी वापरात आला आणि आज छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून ओळखला जातो. त्याचे टर्मिनल १ पार्ल्याच्या हद्दीला लागून आहे. अशा प्रकारे हे उपनगर दोन विमानतळांच्या मध्ये सापडले आहे.

विमानांचा आवाज हा या शेजाराचा दिसणारा परिणाम. पार्लेकर बोलता बोलता थांबतात, विमान जाऊ देतात आणि वाक्य पुढे नेतात. मात्र दूरगामी परिणाम उंचीच्या मर्यादेचा झाला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या धावपट्टीभोवतीच्या साधारण ४ किलोमीटरच्या परिघात बांधकामाची उंची विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरच्या आसपास रोखली जाते. धावपट्टीच्या टोकापुढील उड्डाणमार्गात, ज्याला नेहमीच्या बोलण्यात ‘फनेल झोन’ म्हणतात, ती याहूनही कमी असते. पार्ल्यात दादर-परळसारखे पन्नास मजली मनोरे दिसत नाहीत, त्याचे श्रेय नगररचनाकारांच्या सौंदर्यदृष्टीला नसून या नियमाला आहे.

पुनर्विकास

साठ-सत्तरच्या दशकांतील इमारती आता जीर्ण झाल्या आहेत. त्यांत उद्वाहक नाही, आणि चौथ्या मजल्यावरील सभासद पंचाहत्तरीला पोहोचला आहे. त्यामुळे पुनर्विकास हा गेल्या दोन दशकांतील पार्ल्याचा सर्वांत मोठा विषय ठरला.

त्याचे गणित असे चालते. विकासक जुनी इमारत स्वखर्चाने पाडून नवी बांधतो. जुन्या सभासदांना पूर्वीपेक्षा काही अधिक क्षेत्रफळाची सदनिका, बांधकाम चालू असेपर्यंतचे भाडे आणि ‘कॉर्पस’ म्हणून काही रक्कम देतो. हा सारा खर्च आणि नफा त्याला वरच्या मजल्यांवर बांधलेल्या, विक्रीसाठीच्या सदनिकांतून काढायचा असतो. म्हणजे जुन्या सभासदाचे फुकटातील नवे घर हे नव्या ग्राहकाने मोजलेल्या चढ्या भावावर उभे असते. जेथे उंचीची मर्यादा कडक तेथे विक्रीचे मजले कमी निघतात, विकासकाला योजना परवडत नाही आणि इमारत तशीच कुजत राहते. फनेल झोनमधील अनेक संस्था या कोंडीत अडकल्या आहेत. रस्त्याच्या एका बाजूस नवी इमारत व दुसऱ्या बाजूस टेकू दिलेली जुनी इमारत, असे दृश्य त्यामुळे दिसते.

निर्णयप्रक्रियेवरून सहकारी संस्थांमध्ये वाद होतच असतात. राज्य शासनाने २००९ मध्ये सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) अन्वये पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली व २०१९ मध्ये ती सुधारली. सुधारित पद्धतीनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. बाकीच्यांना नाइलाजाने त्यात यावे लागते. चाळीस वर्षे सलोख्याने राहिलेले शेजारी या प्रश्नावरून एकमेकांशी बोलेनासे झाल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

पागडीच्या घरांचा प्रश्न निराळा आहे. पागडी म्हणजे भाडेकरूने मालकाला एकरकमी मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर मिळवलेला जवळजवळ कायमचा ताबा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली होती. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला घर सोडवेना. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, तरी मालकाच्या संमतीवाचून पुनर्विकासाचे पाऊल उचलता येत नसल्याने अशा अनेक वास्तू अडून राहिल्या.

पुनर्विकास पार पडला तरी सर्व प्रश्न सुटत नाहीत. नव्या इमारतीत उद्वाहक, पंप, सुरक्षारक्षक, वाहनतळाची यंत्रणा असते आणि तिचा मासिक देखभालखर्च जुन्या इमारतीच्या अनेक पट होतो. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या सभासदाला तो पेलत नाही. तो सदनिका विकतो किंवा भाड्याने देतो आणि स्वतः पुण्याला वा बदलापूरला जातो. मुलांच्या बाबतीत तर पर्यायच नसतो. एका सदनिकेचे दोन मुलांमध्ये वाटे करायचे तर ती विकावी लागते आणि अर्ध्या पैशांत पार्ल्यात काहीच मिळत नाही. म्हणून पार्ल्यात वाढलेली पिढी बोरिवली, ठाणे, डोंबिवली येथे घर करते. गिरगावातून पार्ल्याला आलेल्या आजोबांचा नातू आणखी पुढे जातो, फरक इतकाच की आजोबांना मोठे घर हवे होते आणि नातवाला परवडेल असे.

संस्थांवरचा परिणाम सावकाश होतो. इमारती, निधी, नाव सर्व काही शाबूत राहते. मात्र सायंकाळी खुर्च्या मांडायला, वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन फिरायला आणि ग्रंथालयात देवघेवीला बसायला लागणारी माणसे शेजारातूनच यावी लागतात. नवा रहिवासी बहुधा अधिक श्रीमंत आणि अधिक व्यग्र असतो. त्याची मुले दूरच्या आंतरराष्ट्रीय शाळेत बसने जातात. त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण ज्या पार्ल्यासाठी त्याने पैसे मोजले ते पार्ले चालवायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मराठी रहिवाशांसाठी राखीव घरांची मागणी

२०२४ मध्ये ‘पार्ले पंचम’ या स्थानिक संस्थेने नव्या इमारतींतील निम्मी घरे ठराविक मुदतीपर्यंत मराठी ग्राहकांसाठी राखून ठेवावीत, अशी मागणी केली. त्याच सुमारास विधानपरिषदेचे सदस्य अनिल परब यांनी याच आशयाचे अशासकीय विधेयक मांडण्याचा प्रस्ताव पुढे आणला आणि हा विषय राज्यभर चर्चिला गेला. या मागणीच्या जोडीने नव्या इमारतीत काही घरे लहान आकाराची असावीत असाही आग्रह धरण्यात आला.

पहिल्या मागणीवर घटनात्मक आक्षेप घेतले गेले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा अधिकार आहे. दुसरीकडे, २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते, असा निर्णय दिला आहे. आहारावरून वा समाजावरून घर नाकारण्याच्या मुंबईतील तक्रारींच्या संदर्भात त्याचा वारंवार उल्लेख होतो. मराठी कुटुंबांना अमुक इमारतीत घर मिळत नाही ही तक्रार आणि मराठी कुटुंबांसाठी घरे राखावीत ही मागणी, या दोन्हींच्या मुळाशी हाच कायदेशीर प्रश्न आहे.

लहान घरांच्या मागणीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. खरे पाहता पार्ल्यापुरती तीच अधिक मूलगामी आहे. अडसर येथे भाषेचा असतोच असे नाही, किमतीचा मात्र हमखास असतो. विकासक मोठ्या सदनिका बांधतो, कारण त्यांत नफा अधिक आणि ग्राहक थोडे हाताळावे लागतात. पाचशे चौरस फुटांचे घर बांधलेच गेले नाही, तर शिक्षकाला, परिचारिकेला किंवा नव्याने नोकरीस लागलेल्या पार्लेकर तरुणाला राखीव कोट्यातूनही काही घेता येणार नाही. १९६० नंतरच्या पार्ल्यातील दोन खोल्यांचे ब्लॉक साधारण याच मापाचे किंवा याहून लहान होते.

वाहतूक व प्रशासन

विलेपार्ले स्थानक चर्चगेटपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर असून तेथे धीम्या लोकल व हार्बर मार्गाच्या गाड्या थांबतात. पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि स्वामी विवेकानंद मार्ग हे उत्तर-दक्षिण मुख्य रस्ते होत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो मार्ग ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाला. त्यावरील देशांतर्गत विमानतळाचे स्थानक पार्ले पूर्वच्या रहिवाशांना सोयीचे आहे. महापालिकेच्या रचनेत पूर्व भाग के-पूर्व व पश्चिम भाग के-पश्चिम विभागात येतो. महसुली दृष्ट्या विलेपार्ले अंधेरी तालुक्यात असून पिनकोड पूर्वेसाठी ४०० ०५७ आणि पश्चिमेसाठी ४०० ०५६ आहे.